एक जागा, सहा जण, सहा फ्रेम: कोल्हापुरात गटानं कॉम्पोझिशन शिकायची पद्धत

रंकाळ्याच्या चौपाटीवर आम्ही सहा जण पहिल्यांदा फोटो काढायला जमलो तेव्हा काहीच ठरवलं नव्हतं. सूर्य मावळायला आला होता. समोर पाणी, कठड्याला टेकलेली माणसं, मागं कणसं भाजणारी मावशी. प्रत्येकानं आपल्या मनानं फोटो काढले आणि रात्री लॅपटॉपवर सगळे शेजारी-शेजारी लावले. पाच जणांचा पहिला फोटो जवळजवळ एकच होता: उभ्यानं काढलेला, डोळ्यांच्या उंचीवरून, सूर्य मधोमध आणि क्षितिज बरोबर निम्म्यावर. सहावा वेगळा होता. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी पाय दुखतात म्हणून खाली बसल्या होत्या. त्यांच्या फोटोत शेगडीतले निखारे अगदी पुढं, मावशीचा पंख्याचा हात मध्ये आणि रंकाळ्याचं पाणी मागं सोनेरी पट्टीसारखं आलं होतं.

त्या रात्रीपासून माझं एक मत पक्कं झालं. कॉम्पोझिशन, म्हणजे चौकटीतली मांडणी, हा सगळ्यात आधी कुठं उभं राहायचं याचा निर्णय. हा निर्णय एकट्यानं शिकणं अवघड, कारण आपण जिथं उभे राहिलोच नाही तिथून काय दिसलं असतं, हे आपल्याला कधी कळतच नाही. गटात ते दुसऱ्याच्या फोटोत समोर दिसतं. म्हणून ही पद्धत लिहून काढतोय. आठ रविवार लागतात. साधा मोबाईल पुरतो.

गट कसा बांधायचा

पाच ते सात माणसं घ्या. तिघांत तुलनेला फोटो कमी पडतात आणि दहा जणांत बैठक रात्री अकरापर्यंत लांबते. सगळे एकाच कॉलेजचे किंवा एकाच वयाचे नसले तर उत्तम. आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते, त्यांना फोनमधलं फार समजत नव्हतं, पण आयुष्यभर फळ्यावर मांडणी केलेली. फोटोत कुठली बाजू जड झाली आणि कुठं उगीच रिकामं राहिलं, हे त्यांना पहिल्या झटक्यात दिसायचं.

शेवटी काय तयार करायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा, आणि एकच ठरवा. आमचं होतं: चप्पल करणाऱ्या एका कारागिरावर बारा फोटो आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ. पहिले चार रविवार शहरात चार ठिकाणी सराव, पाचव्याला कागदावर आखणी, सहाव्याला शूटिंग, सातव्याला निवड आणि एडिटिंग, आठव्याला दाखवणं. 'कोल्हापूर दर्शन' असला विषय घेऊ नका. त्यात सगळं येतं आणि हाताला काही लागत नाही.

फोनमध्ये दोनच गोष्टी करून घ्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि लेन्स रोज पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल बसलेलं असतं, त्यानं दिव्यांभोवती धुकं येतं. फोटो एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, ते दाबून लहान होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर सामाईक फोल्डर करा.

फोटो वाचायची बैठक

जागांकडे वळण्याआधी हे सांगतो, कारण सगळ्या पद्धतीचा जीव इथं आहे. दर रविवारी चाळीस मिनिटं फोटो काढायचे आणि प्रत्येकानं बाराच काढायचे. खोडलेलाही मोजायचा. बारा म्हटलं की माणूस बटण दाबायच्या आधी थांबतो, दोन पावलं सरकतो, पुन्हा बघतो. लगेच त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बसायचं. प्रत्येकानं बारापैकी तीन निवडायचे. एका जागेचे अठरा फोटो मोठ्या पडद्यावर एकापाठोपाठ लावायचे.

ज्याचा फोटो आहे त्यानं आधी गप्प बसायचं. हा नियम मोडू देऊ नका. बाकीच्यांनी तीन गोष्टी क्रमानं सांगायच्या: नजर आधी कुठं गेली, मग कुठं गेली, आणि कुठून बाहेर पडली. 'छान आलाय' आणि 'मस्त' हे शब्द बैठकीपुरते बंद. आमच्याकडं एका फोटोत भेळवाला, त्याची गाडी, मागं पाणी, सगळं नीट होतं. पाचही जणांची नजर मात्र उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर गेली. फोटो काढणाऱ्या पोरानं ती पिशवी पाहिलीच नव्हती, कारण तिथं उभा असताना त्याला भेळेचा वास येत होता, माणसाचं बोलणं ऐकू येत होतं, त्याचं सगळं ध्यान तिकडं. फोटोत वास आणि आवाज येत नाहीत. जिथं सगळ्यात जास्त उजेड आहे, जिथं चेहरा आहे, जिथं अक्षरं आहेत, तिकडं डोळा आपोआप जातो. त्या दिवसापासून आम्ही बटण दाबायच्या आधी चारही कडांवरून नजर फिरवायला लागलो. त्याला एक सेकंद लागतो.

सगळ्यांचं बोलून झालं की फोटो काढणाऱ्यानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तू तिथंच का उभा राहिलास? पहिल्या दोन रविवारी उत्तर येतं, 'सहज'. तिसऱ्या रविवारपासून उत्तरं बदलायला लागतात.

पहिला रविवार: रंकाळा, फक्त पाय हलवायचे

एक वस्तू निवडा. बाकडं, कणसाची गाडी, कठड्यावर बसलेला मित्र, काहीही. झूम करायचा नाही. बाराही फोटो तिचेच: दोन लांबून, दोन जवळून, दोन गुडघ्यावर बसून, दोन उंचावरून, दोन तिच्या मागं जाऊन, आणि उरलेले दोन तुमच्या मनाचे.

ग्रिडचा उपयोग इथं शिकून घ्या. दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांनी चौकटीचे नऊ भाग होतात. आकाशात ढग-रंग असतील तर क्षितिज खालच्या रेघेवर ठेवून आकाशाला दोन भाग द्या. आकाश कोरं असेल तर क्षितिज वर न्या आणि पाण्याला जागा द्या. पाणी आरशासारखं शांत असून पलीकडच्या झाडांचं प्रतिबिंब पुरं पडलं असेल, तर क्षितिज बेलाशक मधोमध घ्या. तिथं मधली रेघच बोलते. एक तृतीयांशाचा नियम ही चांगली सवय आहे, पण कधी मोडायची हे असे अठरा फोटो शेजारी लावल्यावरच समजतं.

चौपाटीवरून सूर्य समोर मावळतो, म्हणून माणसं काळ्या आकृत्यांसारखी येतात. ती तशीच आणायची असतील तर फोनच्या पडद्यावर उजळ आकाशावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथंच अडकून राहील, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. अशा फोटोत चेहरा दिसत नाही, सगळा भार बाह्यरेषेवर असतो. दोन माणसं एकमेकांवर चढली की एकच ढेकूळ दिसतं. दोन डोक्यांच्या मधून आकाश दिसेपर्यंत बाजूला सरका.

दुसरा रविवार: पंचगंगा घाट, रेषा आणि थर

घाटावर पायऱ्या, दीपमाळा, लहान-लहान दगडी देवळं, पलीकडं नदी. शिकायला याहून चांगली जागा कोल्हापुरात मला माहीत नाही. पावसाळ्यात मात्र हा धडा ठेवू नका, नदी चढली की घाट आणि देवळं पाण्याखाली जातात.

पायऱ्या समोरून घेतल्या तर आडव्या रेघांची चटई दिसते, शांत आणि सपाट. त्याच पायऱ्या कोपऱ्यातून तिरक्या घेतल्या की रेषा धावायला लागतात आणि नजरेला ओढून नेतात. त्या जिथं पोचतात तिथं काहीतरी हवं. धुणं धुणारी बाई, नाहीतर दीपमाळ, नाहीतर वाकून पाण्याला हात लावणारा माणूस. रेषा नुसतीच चौकटीबाहेर गेली तर डोळाही तिच्याबरोबर बाहेर जातो.

थरांसाठी गटातल्या प्रत्येकाला एकच हुकूम द्या: पुढं काहीतरी, मध्ये काहीतरी, मागं काहीतरी. पुढं देवळाच्या दगडाची कड, मध्ये पायरीवरचा माणूस, मागं नदी आणि शिवाजी पूल. सपाट पडद्यावर खोली अशीच येते. पुलाच्या कमानी किंवा देवळाचं दार यांचा चौकटीतली चौकट म्हणून उपयोग होतो, पण दाराच्या आतला भाग काळोखा आणि बाहेरचा उजळ असेल तरच. दोन्हीकडं सारखाच उजेड असेल तर दार नुसतं अडथळा होतं.

इथं बहुतेकांना शून्य पॉइंट पाच वाली रुंद लेन्स वापरायचा मोह होतो. तिच्यात कडेच्या गोष्टी ताणल्या जातात, आणि फोन वर झुकवला तर दीपमाळ मागं कलंडल्यासारखी दिसते. फोन सरळ उभा धरा आणि मागं सरका. माणसाचा चेहरा तर त्या लेन्सच्या कडेला कधीच ठेवू नका.

तिसरा रविवार: गंगावेशीचा दूध कट्टा

म्हशी दारात उभ्या, समोर धार काढून ताजं दूध ग्लासात. कोल्हापूरकराला हे नवीन नाही, म्हणूनच ते बघायचं राहून जातं. आधी विचारा. 'काका, फोटो काढू का तुमचं काम चालू असताना?' एवढं पुरतं. नाही म्हणाले तर त्या दिवशी त्यांच्या म्हशीचाही काढायचा नाही.

इथला धडा गर्दीचा. गाड्या, वायरी, दुकानांच्या पाट्या, माणसं, सगळं एकदम चौकटीत घुसतं. धार काढणाऱ्या काकांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला फोटो आमच्या पाच जणांनी आणला होता. उपाय दोन पावलांचा असतो. डावीकडं सरकलात तर खांब म्हशीमागं जातो. खाली बसलात तर पाट्या वर निघून जातात आणि काकांच्या मागं फक्त म्हशीचं काळं अंग उरतं. काळ्या अंगावर दुधाची पांढरी धार आणि कळशीची चकाकी. याहून स्वच्छ बॅकग्राउंड स्टुडिओत मिळणार नाही.

पण फोनची एक खोड इथं नडते. चौकटीत काळं जास्त दिसलं की फोन सगळंच उजळवतो, म्हैस राखाडी होते आणि दूध जळून नुसता पांढरा डाग उरतो. दुधावर बोट दाबून उजेड खाली आणा. म्हैस काळीच राहू दे.

चौथा रविवार: तालीम, आणि व्हिडिओची सुरुवात

तालमीत शिरताना चपला बाहेर, वस्तादांची परवानगी आधी आणि हौदात पाय घालायचा नाही. ताक, तेल, हळद घालून राखलेली ती माती आहे, पैलवान तिला नमस्कार करून उतरतो. तिच्या तांबड्या रंगानं फोनचा रंगांचा अंदाजही चुकतो, तेव्हा शक्य असेल तिथं व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोन आपोआप करतो ती रंगांची जुळवणी, लॉक करून घ्या.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. फोनवर व्हिडिओला साधारणपणे सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे तीस चित्रं, लावलेली असतात, त्यात कधीकधी पट्ट्या सरकताना दिसतात. व्हिडिओ पंचवीस फ्रेमवर ठेवा. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, हातानं ठेवता येत असेल तर सेकंदाचा पन्नासावा भाग. पट्ट्या जातात.

फोटोतून व्हिडिओत येताना आधी हात थांबवायला शिका. प्रत्येक शॉट दहा सेकंद, कॅमेरा अजिबात न हलवता. हालचाल माणसाला करू द्या. आपण नवशिके कॅमेरा सारखा डावीकडून उजवीकडं फिरवतो, कारण सगळं दाखवायची घाई असते. त्याऐवजी कुठल्याही कामाचे पाच शॉट घ्या: हातांचा जवळून, चेहऱ्याचा जवळून, माणूस आणि जागा दोन्ही दिसणारा लांबून, खांद्यावरून म्हणजे तो जे बघतोय ते, आणि पाचवा असा कोन जो तुम्हाला आधी सुचलाच नव्हता. जोर मारणाऱ्या पैलवानाचे हे पाच शॉट जोडले की कुठल्याही निवेदनाशिवाय गोष्ट कळते. व्हिडिओ सुरू केला की बऱ्याच फोनमध्ये चौकट थोडी आवळते, म्हणून आधी फोटोच्या पडद्यावर ठरवलेली फ्रेम व्हिडिओच्या पडद्यावर पुन्हा तपासा. पैलवान ज्या दिशेला बघतोय त्या बाजूला जागा सोडा, नाहीतर तो भिंतीला नाक लावून उभा असल्यासारखा वाटतो.

आमची मोठी चूक इथंच झाली आणि तिनं सगळ्यात जास्त शिकवलं. दोघांची लढत चालू असताना आम्ही तिघं हौदाच्या एका बाजूला आणि तिघं बरोबर समोरच्या बाजूला उभे राहिलो, जास्तीत जास्त अँगल मिळतील म्हणून. घरी येऊन जोडलं तर लाल लंगोटवाला एका शॉटला डावीकडून चढाई करतोय आणि पुढच्याच शॉटला उजवीकडून. पट काढला कुणी आणि पडलं कोण, काही कळेना. दोन पैलवानांच्या मधून एक रेषा गेली आहे असं समजायचं आणि सगळ्या कॅमेऱ्यांनी तिच्या एकाच अंगाला राहायचं, हा नियम आम्ही त्या रात्री शिकलो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ मध्ये तयार झालेलं खासबाग मैदान गोल आहे, कुठूनही कुस्ती दिसावी म्हणून. प्रेक्षकाला ते सोयीचं, कारण तो जागा बदलत नाही. कॅमेरेवाल्यानं मात्र तिथं जायच्या आधी आपली बाजू ठरवून जावी.

पाचवा रविवार: आधी कागद

या दिवशी फोन पिशवीत. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तिथं सकाळी जमा, चहा घ्या आणि बाबूराव पेंटरांची गोष्ट गटाला सांगा. १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मलेला हा चित्रकार-शिल्पकार. सिनेमासाठी स्वदेशी कॅमेरा त्यांनी याच शहरात तयार केला. चित्रीकरणाआधी पोशाख, पात्रं, हालचाली यांची रेखाटनं ते करून ठेवत. नेपथ्याचे पडदे रंगवून तयार झालेली नजर होती ती, कॅमेरा हातात यायच्या आधीच त्यांना चौकट दिसत होती.

आपली चित्रं वाईट असली तरी चालतात. एका कागदावर आडवे आयत काढा, काडीची माणसं काढा, बाण काढून हालचाल दाखवा. चप्पल कशी होते त्याचे टप्पे आधी कारागिराकडं एकदा नुसतं बसून समजून घ्या: कातडं भिजवणं, रापीनं तळ कापणं, ठोकणं, आरीनं भोक पाडून कातड्याच्या वादीनं शिवणं, चपलेचे कान (कडेचे पट्टे) आणि अंगठा (अंगठ्याची कडी) बसवणं, वेणी घालणं. प्रत्येक टप्प्याला लांबचा, मधला आणि जवळचा असे तीन आयत. आमच्या कागदावर अठरा झाले. व्हिडिओ आडवा करायचा की उभा, हेही इथंच ठरवा. आडव्याचा नंतर कापून उभा केला तर हात तरी जातो नाहीतर चेहरा.

कामं वाटून घ्या आणि दर तासाला बदला: दोघं व्हिडिओ, एक फोटो, एक आवाज, एक कागदावर खुणा करणारा, एक कारागिराशी बोलणारा.

सहावा आणि सातवा

शूटिंगच्या दिवशी आधी ट्यूबलाइट बंद करता येईल का ते विचारा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा तांबूस रंग ट्यूबखाली मरतो. दारातून तिरका येणारा उजेड पडला की त्याचा कणीदारपणा, आरीच्या भोकांची सावली, वादीची फुगीर कड, सगळं वर येतं. चप्पल करणारे काका दाराकडं तोंड करून बसत असतील तर तुम्ही त्यांच्या बाजूला राहा. दाराला पाठ करून उभे राहिलात तर तुमचीच सावली कामावर पडेल.

खोलीत कुणी बोलत नसताना अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करा. हातोडा, रस्ता, पंखा. एडिटिंगमध्ये सांधे झाकायला तो लागतो.

निवड करताना सगळ्यांचे फोटो नाव न लावता एकत्र करा. छोटे प्रिंट काढून जमिनीवर मांडले तर फार सोपं जातं. एकाच गोष्टीचे दोन फोटो असतील तर एक बाजूला. सगळेच जवळून काढलेले असतील तर एक लांबचा शोधा, नाहीतर जागा कळत नाही. व्हिडिओत लांबच्या शॉटवरून जवळच्यावर जाताना हालचालीच्या मधे कापा. रापी उचलताना पहिला शॉट संपला आणि टेकताना दुसरा सुरू झाला, तर डोळ्याला सांधा जाणवत नाही.

आठवा रविवार: आधी काकांना दाखवा

सोसायटी, कॉलेज, नातेवाईक, सगळे नंतर. आम्ही बारा प्रिंट घेऊन दुकानात गेलो. काकांनी एकेक हातात घेऊन, लांब धरून पाहिले. कान बसवतानाचा फोटो त्यांना आवडला. आमचा सगळ्यांचा लाडका फोटो, शिवणाऱ्या हातांचा, ज्यावर आमच्या बैठकीत सहाही जणांचं एकमत झालं होतं, तो त्यांनी दोनदा पाहिला आणि माझ्याकडं परत दिला.

"हात चांगलं आल्यात. पण आरी कुठनं आत जाती ते दिसंना ह्यात. अंगठ्यामागं गेलीया."

खरंच गेली होती. आम्ही सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो, कारण तिकडं जागा मोकळी होती. आठवडाभरानं पुन्हा गेलो, त्यांनी डावीकडचा कातड्याचा ढीग सरकवून दिला आणि मी तिथं भिंतीला पाठ लावून, फोन जवळजवळ जमिनीला टेकवून बसलो. तिथून आरीचं टोक तळातून वर येताना दिसतं.